वाचकांचे प्रश्न : नवतपात लेबल का टिकत नाही?

प्रश्न : आमच्या बुटीबोरीच्या कारखान्यात शेतीपंपांचे स्टार्टर पॅनेल बनतात. त्यांवरच्या पीव्हीसी लेबलांची लाल पट्टी पहिल्याच उन्हाळ्यात गुलाबी पडली, कडा आक्रसल्या आणि भोवती काळी चिकट किनार आली. पुरवठादार म्हणतो, लेबल ओव्हनमध्ये तपासलेलं आहे. पुढचा माल घेण्याआधी आम्हाला स्वतःला चाचणी घेता येईल का?

उत्तर : येईल, आणि घ्याच. धोक्याची सूचनाच वाचता आली नाही तर पॅनेल उघडणाऱ्याच्या जिवाशी खेळ होतो.

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी. रंग उडवला तो प्रकाशाने, मुख्यतः अतिनील किरणांनी. ओव्हनमध्ये ते नसतातच, म्हणून पुरवठादाराची चाचणी रंगाबद्दल काहीच सांगत नाही. कडा आक्रसल्या त्या उष्णतेने. मऊ पीव्हीसीतलं प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला लवचीक ठेवणारं तेलकट रसायन, तापलं की गोंदात उतरतं आणि गोंद ढिला पडतो. शिवाय फिल्म बनताना तिच्यात राहिलेला ताण सुटतो आणि ती आखडते. उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ बसते, तीच तुमची काळी किनार.

चाचणीसाठी पॅनेलचाच पावडर कोटिंग केलेला पत्रा घ्या. काचेवर चिकटवून काही कळत नाही. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लेबल रोलरने दाबून बसवा आणि २४ तास थांबा. ॲक्रिलिक गोंद पकड घ्यायला वेळ घेतो. मग ब्लेडने लेबलाच्या मधोमध फुलीसारखी चीर द्या. फिल्म आखडली की ही चीर रुंदावते. भिंगाखाली मिलिमीटरची पट्टी धरून ती मोजता येते.

असे बारा नमुने करा. चार अंधाऱ्या कपाटात, चार ८० अंशांच्या ओव्हनमध्ये सात दिवस, चार गच्चीवर. गच्चीवरचा रॅक दक्षिणेकडे तोंड करून २१ अंश कलता ठेवा, नागपूरचा अक्षांश साधारण तेवढाच आहे. प्रत्येक लेबलाचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाका. झाकलेला भाग ताजा आणि उघडा फिका दिसला, तर दोष शाईचा किंवा तिच्यावरच्या लॅमिनेशनचा, म्हणजे पारदर्शक संरक्षक थराचा. वर काच ठेवू नका, ती सर्वांत घातक आखूड अतिनील किरण अडवते. पत्र्याचं तापमान मागे चिकटवलेल्या थर्मोकपलने, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेने, मोजा. उघड्या चकचकीत धातूवर इन्फ्रारेड गन खूपच कमी आकडा दाखवते.

नमुने मार्चमध्ये लावा आणि पावसाळा संपेपर्यंत काढू नका. तापलेल्या पत्र्यावर पहिली सर पडते तेव्हाच बऱ्याच कडा उचलतात. दर पंधरा दिवसांनी सावलीत, कपाटातला नमुना शेजारी ठेवून फोटो काढा. शेवटी २५ मिमी रुंद पट्टी १८० अंशांत दुमडून, मिनिटाला ३०० मिमी वेगाने, स्प्रिंग काट्याने ओढा. बळ किती लागलं ते लिहाच, पण गोंद कुठे राहिला तेही पाहा. सगळा पत्र्यावर राहून फिल्म कोरडी निघाली, तर गोंद आणि फिल्मचं नातंच तुटलंय.

घाई असेल तर प्रयोगशाळेतल्या चाचणीपेटीत यूव्हीए-३४० दिव्यांखाली (उन्हातल्या अतिनील किरणांसारखा प्रकाश देणारे दिवे) ६० अंशांवर ८ तास आणि मग दिवे बंद करून ५० अंशांवर लेबलावर दव धरण्याचे ४ तास, असं चक्र मागा. रंगाचा निकाल हवा असेल तर झेनॉन दिवाच बरा, कारण त्यात दृश्य प्रकाशही असतो. ‘इतके तास म्हणजे इतकी वर्षं’ या हिशेबावर मात्र विश्वास ठेवू नका. शेतात टिकलेल्या एखाद्या लेबलाचा न वापरलेला नमुना त्याच पेटीत सोबत ठेवा आणि तुलना करा.

निवडताना ॲक्रिलिक गोंदाचं, यूव्ही-रोधक लॅमिनेशन असलेलं पॉलिएस्टर आधी तपासा. साधं पॉलिएस्टर उन्हात पिवळं पडून ठिसूळ होतं, तेव्हा नुसतं नाव पाहून घेऊ नका.

प्रश्न : हिंगण्याच्या आमच्या टिनाच्या गोदामात बारकोड लेबलांचे रोल कडेने चिकट होतात आणि प्रिंटरमध्ये अडकतात. लेबल खराब आहे का?

उत्तर : बहुधा साठवण खराब आहे. रोल घट्ट गुंडाळलेला असतो. उष्णतेने मऊ झालेला गोंद त्या दाबाने कडेने बाहेर येतो. छताजवळच्या फळीवरून रोल खाली आणा, पिशवीत बंद ठेवा आणि एप्रिल-मेचा साठा २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत हलवा. प्रिंटरचा रोलर आणि हेड अल्कोहोलने पुसल्याशिवाय नवा रोल चढवू नका.