साहेबांविरुद्धचा अर्ज द्यायचा कुठं?

मागच्या वेळी विभागीय चौकशीवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. सोलापूरचं शहर पोलीस आयुक्तालय, ग्रामीण अधीक्षक कार्यालय, सोरेगावची एसआरपी (राज्य राखीव पोलीस दल). दोन पत्रं तर पोलीस लाइनीतल्या वहिनींची. ठाण्यांची नावं, बक्कल नंबर आणि तारखा मी काढून टाकल्या आहेत. एक गोष्ट मात्र बहुतेक पत्रांत दिसली. दिवसाला दहा जणांची फिर्याद लिहून घेणाऱ्या माणसाला स्वतःची लिहिता येत नाही. पहिलं पान 'उपरोक्त विषयास अनुसरून'मध्ये जातं आणि खरं घडलेलं शेवटच्या दोन ओळींत येतं, तेही 'मानसिक त्रास होत आहे' एवढंच.

प्रश्न : मी महिला अंमलदार आहे. आमचे एक अधिकारी रात्री अकरानंतर मेसेज करायचे. मी उत्तर देणं बंद केलं आणि आठवड्यात माझं सीसीटीएनएसचं (गुन्ह्यांच्या संगणक नोंदींचं) काम काढून मला सलग रात्रपाळी लागली. शेवटचा मेसेज अडीच महिन्यांपूर्वीचा आहे. सगळे म्हणतात, बदली मागून घे, नादी लागू नको.

ताई, आधी कॅलेंडर बघा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तक्रारीची मुदत तीन महिने आहे, आणि प्रकार वारंवार घडला असेल तर ती शेवटच्या घटनेपासून मोजतात. म्हणजे तुमच्या हातात पंधरा दिवस आहेत. समितीला आणखी तीन महिने वाढवून देता येतात, पण त्याची कारणं तिला लेखी नोंदवावी लागतात. त्या भरवशावर राहू नका. रात्रपाळी मेसेज थांबल्यावर लागली ना? मग ती त्याच प्रकाराचा पुढचा भाग आहे, असं अर्जात स्पष्ट लिहा आणि तारखेनिशी लिहा.

अर्ज ठाण्यात द्यायचा नाही. तो आयुक्तालयाच्या, तुम्ही ग्रामीणला असाल तर अधीक्षक कार्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जातो. सहा प्रती, सोबत मेसेजच्या छापील प्रती, साक्षीदारांची नावं. बारनिशीत (आवक-जावक विभागात) पोच घ्या आणि पोचेचा फोटो घरच्या माणसाला पाठवून ठेवा. 'योग्य मार्गाने या' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. या कायद्यात ठाणेप्रमुखाची सही घेऊन येण्याची अट नाही. तक्रार खुद्द कार्यालयप्रमुखाविरुद्ध असेल तरच ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आणि मोबाइल बदलू नका. स्क्रीनशॉट काढला म्हणून मूळ चॅट पुसून टाकलं, अशी दोन प्रकरणं मी पाहिली आहेत, दोन्हींत समोरच्याचा पहिला बचाव 'हे बनवलेलं आहे' हाच होता.

समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला अधिकारी असते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत आणि एक सदस्य खात्याबाहेरची असते. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन जण हजर पाहिजेत. मी एका कार्यालयात अशी बाहेरची सदस्य आहे म्हणून सांगते: कोरम अपुरा असताना 'आज नुसतं बोलून घेऊ' असं म्हणतात, तेव्हा बोलू नका. रोजनाम्यात न येणारं बोलणं तुमच्या उपयोगाचं नाही, समोरच्याच्या असतं. समितीपुढे वकील चालत नाही, म्हणून अर्जच असा लिहा की तो एकटा उभा राहील.

चौकशी चालू असताना काय मिळतं, हे बहुतेकींना माहीत नसतं. समितीनं शिफारस केली तर तुमची किंवा त्यांची बदली होऊ शकते, हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते आणि त्या अधिकाऱ्याला तुमचा गोपनीय अहवाल लिहिण्यापासून रोखता येतं. हे शेवटचं अर्जातच मागा. खात्यात सूड बहुतेक वेळा याच कागदावरून उगवला जातो, आणि तोही वर्षभरानं, सगळे विसरल्यावर.

'मिटवून घ्या' हे येणारच. समेट कायद्यात आहे, पण तो तुम्ही मागितला तरच, आणि त्यात पैशांची देवघेव चालत नाही. समितीला चौकशीसाठी 90 दिवस, अहवालासाठी 10 आणि कार्यालयाला कारवाईसाठी 60 दिवस आहेत. समितीच्या अहवालानंतर 'आता नव्यानं विभागीय चौकशी लावू, पुन्हा जबाब द्या' असं सांगितलं तर सर्वोच्च न्यायालयाचा 2012 चा मेधा कोतवाल लेले प्रकरणातला आदेश दाखवा. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानायचा आहे. तेच तेच पुन्हा सांगायला लावणं हीसुद्धा एक शिक्षाच असते, आणि ती तक्रारदाराला होते.

तक्रार शाबीत झाली नाही तर माझ्यावर उलटेल का, असंही तुम्ही विचारलंय. पुरावा कमी पडला एवढ्यावरून खोटी तक्रार ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

प्रश्न : मी अनुसूचित जातीचा आहे. वर्षभर मला गार्ड आणि कैदी पार्टी यांशिवाय काही लागत नाही. डीबी (गुन्हे शोध पथक), गोपनीय शाखा, रायटर (लेखनिक) ही कामं ठरलेल्या चार जणांत फिरतात. गड्डा यात्रा असो की आषाढी, मला लांबचा पॉइंट. साहेब शिवी देत नाहीत, पण आडनाव उच्चारताना हसतात. याला भेदभाव म्हणायचं का?

म्हणायचं. पण चौकशीत ते हसणं टिकणार नाही, हजेरी टिकेल.

काही वर्षांपूर्वी असाच एक जण माझ्याकडे आला होता. त्याला मी परत पाठवलं आणि माहितीच्या अधिकारात आपल्या ठाण्याचं चार महिन्यांचं ड्यूटी वाटप मागायला सांगितलं. प्रती आल्या तेव्हा त्या आमच्या जेवणाच्या टेबलावर मावेनात. शेवटी फरशीवर पसरल्या. रात्रीच्या गार्डला लाल पेन्सिल, दिवसाच्याला निळी, सुट्टीला गोल. तासाभरात आमची पोरगी दारातून डोकावून म्हणाली, "आई, एकाच काकांची ओळ लाल का आहे?" कसलाही कायदा न शिकलेल्या मुलीला जे दिसलं, तेच चौकशी अधिकाऱ्याला दाखवायचं होतं. ड्यूटी लावणाऱ्या हजेरी मेजरचा खुलासा आला की यांना लिखाणाचं काम जमत नाही. सेवापुस्तकात टायपिंगची परीक्षा पास झाल्याची नोंद होती. त्या एका नोंदीनं खुलासा पडला.

तुम्हीही तेच करा. अर्जात 'जातीमुळे' हा शब्द जरूर वापरा, पण तो तक्त्यानंतर येऊ द्या. सोबत तुमच्याच सेवाज्येष्ठतेच्या इतर जातींच्या अंमलदारांना काय मिळालं, ते ठेवा. तुलना नसेल तर तुमचं म्हणणं नुसतं गाऱ्हाणं ठरतं. अर्ज ओआरमध्ये (वरिष्ठांच्या ऑर्डर्ली रूममध्ये) द्या; तिथं तुम्हाला वरिष्ठांपुढे स्वतः उभं राहता येतं. महिन्यात हालचाल झाली नाही तर राज्य किंवा राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे जाता येतं. राष्ट्रीय आयोगाला घटनेच्या अनुच्छेद 338 खाली चौकशीचे अधिकार आहेत, तिथून पत्र आलं की फाइल हलते.

अट्रॉसिटीचा गुन्हा यात बसेल का? नुसत्या ड्यूटी वाटपावर नाही बसणार. जातीवाचक बोलणं झालं असेल तर ते कुठं झालं, यावर सगळं आहे. हजेरीला सगळ्यांदेखत झालं तर ते लोकांच्या नजरेसमोर झालं असं म्हणता येतं. केबिनमध्ये दोघेच असताना झालं तर 2020 च्या हितेश वर्मा निकालानंतर कठीण जातं. गुन्हा दाखल करण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही (कलम 18-अ), आणि तपास उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाच्या खाली जात नाही. पण मला विचाराल तर दोन्ही मार्ग एकाच अर्जात घालू नका. ड्यूटीची तक्रार वेगळ्या कागदावर, बोलण्याची वेगळ्या कागदावर. एक कच्ची निघाली तर ती दुसरीला घेऊन बुडते.

प्रश्न : मला दोषारोपपत्र आलंय. प्राथमिक चौकशीत मी घाबरून जबाबावर सही केली होती. रायटर सांगतो, "मान्य करून टाका की ओ, एक वेतनवाढ जाईल, विषय संपेल."

एक वेतनवाढ म्हणजे किती, हे त्या रायटरला विचारा. तुमचं मूळ वेतन 35,000 असेल तर 3 टक्के म्हणजे 1,050 रुपये. शिक्षा 'पुढील वेतनवाढींवर परिणाम न होता' एक वर्षासाठी असेल तर नुकसान त्या वर्षापुरतं. 'परिणाम होऊन' असेल आणि तुमची नोकरी 18 वर्षं उरली असेल, तर महागाई भत्ता न धरताही सव्वादोन लाखांच्या वर जातं, आणि निवृत्तिवेतन त्याच आकड्यावर बसतं. दोन आदेशांत फरक एका शब्दाचा.

पोलीस निरीक्षकापर्यंतच्या सगळ्यांना 1956 चे शिक्षा व अपिले नियम लागू आहेत. प्राथमिक चौकशीतला जबाब हा आपोआप पुरावा होत नाही. जबाब देणारा साक्षीदार विभागीय चौकशीत समोर यायला हवा आणि तुम्हाला उलटतपासाची संधी मिळायला हवी. म्हणून पहिला अर्ज कागदपत्रांसाठी द्या: ज्यावर भिस्त ठेवली ते प्रत्येक कागदपत्र, प्राथमिक चौकशीतले सगळे जबाब, साक्षीदारांची यादी. मदतनीस हवा असेल तर त्याच अर्जात मागा. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी मिळायलाच हवी, हे 1993 च्या करुणाकर निकालापासून पक्कं आहे. ती न देता अंतिम आदेश काढला तर मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) तोच पहिला मुद्दा होतो. मॅटमध्ये थेट जाता येत नाही, आधी खात्यातलं अपील करावं लागतं. ग्रामीणचं अपील कोल्हापूर परिक्षेत्राकडे जातं. अपिलाचा निकाल लागल्यापासून मॅटसाठी एक वर्ष, आणि आपल्याला खंडपीठ मुंबईचं.

कोर्टात सुटलो तरी डीई (विभागीय चौकशी) चालूच राहते का, असं आणखी तिघांनी विचारलंय. राहू शकते. फौजदारीत निःसंशय पुरावा लागतो, खात्यात संभाव्यतेवर भागतं.

प्रश्न : मिस्टर सात महिने निलंबित आहेत. अजून चार्जशीट नाही. पगार निम्मा येतो.

वहिनी, तीन महिन्यांनंतर निम्म्यावर थांबायचं कारण नाही. उशीर त्यांच्यामुळे झालेला नसेल तर निर्वाह भत्ता मूळ भत्त्याच्या निम्म्यानं वाढवता येतो. म्हणजे सुमारे पाऊण पगार. त्यासाठी अर्ज द्या, आपणहून कुणी वाढवत नाही. आणि विभागीय चौकशीच्या प्रकरणात 90 दिवसांत दोषारोपपत्र बजावलं नसेल तर निलंबन संपवण्याखेरीज पर्याय उरत नाही, असं 9 जुलै 2019 चा शासन निर्णय सांगतो. त्याच्या मागे सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा अजयकुमार चौधरी निकाल आहे. कामावर घेतलं म्हणजे निर्दोष सुटले असं मात्र नाही. अकार्यकारी जागा मिळेल आणि चौकशी चालू राहील.

प्रश्न : आम्ही काही जणांनी व्हॉट्सॲप ग्रुप केलाय. एकत्र निवेदन काढून वर्तमानपत्रात द्यावं म्हणतोय.

देऊ नका. 1966 च्या पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) कायद्यानुसार परवानगीशिवाय संघटना आणि वर्तमानपत्राकडे जाणं या दोन्हींना बंदी आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईत पोलिसांचं आंदोलन झालं, त्यानंतर संघटनेचं काय झालं ते तुमच्यातल्या निवृत्त काकांना विचारा. मला हा कायदा आवडत नाही, पण आज तो लागू आहे. प्रत्येकानं आपापला अर्ज स्वतंत्र द्यावा, त्याच दिवशी, आपापल्या अक्षरात. असे वीस अर्ज एका दिवसात बारनिशीत पडले तर निवेदनापेक्षा जास्त बोलतात.

प्रश्न : मी पोलीस निरीक्षक. एका हवालदाराच्या भेदभावाच्या तक्रारीची चौकशी मला दिलीय. ज्यांच्याविरुद्ध आहे, त्यांच्या हाताखाली मी तीन वर्षं काम केलंय. नाही म्हणता येतं का?

येतं, आणि सगळ्या पत्रांत मला हेच पत्र सगळ्यात जास्त आवडलं. आदेश हातात पडल्या दिवशी वरिष्ठांना दोन ओळी लिहा: अमुक काळात मी यांच्या हाताखाली होतो, चौकशी दुसऱ्याकडे द्यावी. पहिल्या साक्षीदाराची सही झाल्यावर हे सुचून उपयोग नाही. तोवर तुमचा कल कुठं आहे, हे त्या हवालदारानं ठरवून टाकलेलं असतं.

वरिष्ठ 'तुम्हीच करा' म्हणाले तर ते पत्र रोजनाम्याच्या पहिल्या पानाला जोडा. चौकशी अधिकारी म्हणून खात्याची बाजू मांडू नका; 2010 च्या सरोजकुमार सिन्हा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्वतंत्र न्यायकर्त्याच्या जागी बसवलंय. ड्यूटी वाटपाची वही पहिल्याच दिवशी ताब्यात घ्या, प्रत नको, मूळ घ्या. खोडाखोड शाईच्या रंगावरून दिसते, झेरॉक्समध्ये सगळंच काळं येतं.

आणि एक बारीक गोष्ट. मी पाहिलेल्या एका चौकशीत साहेब आल्यावर खुर्ची आणि चहा आला, तक्रारदार हवालदार मात्र सावधानमध्ये उभा राहून पावणेदोन तास जबाब देत होता. चौकशी अधिकारी वाईट माणूस नव्हता; त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तुमच्या चौकशीत त्या हवालदाराला आधी बसायला सांगा. तो नाही म्हणेल. पुन्हा सांगा.