सायकल-सल्ला : आइसफील्ड्स पार्कवे, एकटीनं

प्रश्न : ऑगस्टमध्ये कॅनडात लेक लुईस ते जॅस्पर हा आइसफील्ड्स पार्कवे, म्हणजे बॅन्फ आणि जॅस्पर राष्ट्रीय उद्यानांतला रस्ता, एकटीनं करायचा आहे. सायकल इथूनच नेणार, सोबत तंबू. गिअरचं दातेरी चाक पुढे ३४ दाती, मागे जास्तीत जास्त ३२. याच गिअरवर सिंहगड चढते. चालेल का? अस्वलांचं काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : सिंहगडाला तुमची सायकल रिकामी असते. इथे तंबू, स्टोव्ह आणि तीन दिवसांचा शिधा धरून पंधरा-सोळा किलो सहज होतात. मागे ४० दाती बसवता आलं तर उत्तम, चढ हलका जाईल. पण तुमचा डिरेल्युअर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ते पेलतो का, हे मेकॅनिककडून आधी तपासून घ्या. नाहीतर पुढचंच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) लहान करा.

अंतर सुमारे २३० किलोमीटर. पहिल्या दिवशी बो समिट ही खिंड (सुमारे २०७० मीटर) ओलांडून रॅम्पार्ट क्रीकचा कॅम्प गाठा, जवळजवळ ९० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी फक्त विलकॉक्सच्या कॅम्पपर्यंत. अंतर चाळिशीच्या आतलं, पण बिग बेंडच्या वळणानंतरचा चढ दम काढतो. विलकॉक्सला रात्री ऑगस्टमध्येही पारा शून्याजवळ येऊ शकतो. तिसरा दिवस लांब, पण एकूण उताराचा. वाटेत खाण्याची ठिकाणं मोजकी आणि मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही, तेव्हा शिधा लेक लुईसलाच भरा.

सगळा भार मागे टाकू नका. अशा वेळी मोडतो तो बहुधा मागच्या चाकाचा, कॅसेटच्या (मागच्या दातेरी चाकांच्या संचाच्या) बाजूचा आरा, आणि कॅसेट उतरवल्याशिवाय नवा बसत नाही. थोडं वजन पुढे घ्या, दोन जादा आरे नि कॅसेट खोलायचं टूल ठेवा. किंवा दोरीचा तात्पुरता आरा घ्या, तो कॅसेट न काढता लागतो.

अस्वलं दिसतील. शंभर मीटर अंतर ठेवा. सायकल आवाज न करता वेगानं येते, म्हणून अस्वल दचकतं. आंधळ्या वळणावर मोठ्यानं ओरडा, घंटीवर भिस्त नको. बेअर स्प्रे (अस्वलाला पिटाळायचा तिखट फवारा) विमानात चालत नाही, स्टोव्हचा गॅसही नाही. दोन्ही तिकडेच घ्या. स्प्रे हँडलला किंवा कमरेला हवा, पॅनियरच्या (कॅरियरला लटकवायच्या पिशवीच्या) तळाशी नाही. जेवण, टूथपेस्ट, साबण, सगळं रात्री कॅम्पच्या लोखंडी पेटीत. तंबूत भाकरवडीचं पाकीटसुद्धा नको.