निनावी सर्वेक्षण घेण्यापूर्वी

बारा जणांच्या गटात बैठकीत कोणी तोंड उघडत नाही, कामातले बदल ऐन वेळी कळतात आणि यावर उपाय म्हणून तुम्ही निनावी सर्वेक्षण व 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' असा पुरस्कार सुरू करू पाहत आहात, हे वाचून मला माझी जुनी नोकरी आठवली. नियमित बैठका, इतिवृत्त वगैरे तुमच्याकडे होतच असेल असे धरून थेट सर्वेक्षणाकडे वळतो, कारण आमचे सर्वाधिक नुकसान त्यानेच केले.

उत्तरे पूर्णपणे गुप्त राहतील, असे आमच्या मनुष्यबळ विभागाने लेखी कळवले होते. नाव विचारले नव्हते हे खरे. मात्र पद आणि सेवेची वर्षे विचारली होती, आणि लहान गटात तेवढ्यावरून माणूस सहज ओळखता येतो. पुढे ती उत्तरे जशीच्या तशी व्यवस्थापकांच्या हाती पडली आणि त्यांनी बैठकीत एकेक उत्तर वाचून दाखवत त्याचे खंडन केले. आम्ही तक्रार केली तेव्हा 'कोणाचेही नाव उघड झालेले नाही, सबब गोपनीयतेचा भंग झालेला नाही' असे उत्तर आले. पुढच्या सर्वेक्षणात आमच्या गटाचे गुण वाढले आणि त्याच विभागाने अभिनंदनाचे पत्र धाडले! प्रत्यक्षात जे बोलू शकत होते, तेही सावध झाले होते.

कामाच्या ठिकाणच्या गटांच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चाललेल्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद अधिक आढळली. तिथे चूक सांगण्याची भीती कमी होती, असे स्पष्टीकरण त्यांनी १९९६ मध्ये मांडले. म्हणून एकही तक्रार न येणारा गट पाहिला की मला शंका येते.

त्यापेक्षा प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोला आणि 'गेल्या आठवड्यात कोणती गोष्ट तुम्हाला उशिरा कळली?' एवढेच विचारा. 'काही अडचण आहे का?' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर मिळते. बारा जणांत ६६ जोड्या होतात. निरोप तोंडोतोंडी फिरत असतील तर कोणाच्याही मनात खोट नसताना काही निरोप गळणारच. निर्णय झाला त्याच दिवशी तो कारणासह एका ठरलेल्या जागी लिहिला जावा.

पुरस्काराबद्दल माझे मत अंमळ टोकाचे आहे: एकाला फलक मिळतो आणि अकरा जण टाळ्या वाजवतात. मी मानसशास्त्राचा जाणकार नाही आणि विक्री विभागातला अनुभव कदाचित वेगळा असेल. परंतु पुरस्कार हाही एक अभिप्रायच, आणि क्लुगर व डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा अभिप्रायाने सरासरीने काम सुधारत असले तरी एक तृतीयांशाहून अधिक बाबतींत ते खालावल्याचे दिसले. लक्ष कामावरून स्वतःकडे वळले की परिणाम घटतो, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा 'तुम्ही फार हुशार आहात' यापेक्षा 'विलंबाची कल्पना तुम्ही आधीच दिलीत, म्हणून वेळापत्रक बदलता आले' हे वाक्य अधिक उपयोगी ठरते, आणि त्याला खर्चही येत नाही.

सर्वेक्षण जाहीर करून झाले असेल, तर निदान पद आणि सेवेच्या वर्षांचे रकाने काढून टाका, उत्तरे गटाबाहेरच्या व्यक्तीला एकत्रित करू द्या आणि ती कोण वाचणार हे आधीच सांगा.