चाळीस लाखांची पॉलिसी आणि बक्षीसपत्राची घाई

नागपूरच्या एका काकांचं पत्र आलं आहे. वय 63, केंद्र सरकारच्या कार्यालयातून निवृत्त, शेवटचं मूळ वेतन 76 हजार. मुलगी लग्न होऊन पुण्यात. मुलगा 31 वर्षांचा. त्याला बायपोलर आजार (कधी उन्माद, कधी नैराश्य) असल्याचं पाच वर्षांपूर्वी कळलं. लिथियम हे औषध चालू आहे, आठ महिन्यांपासून तब्येत स्थिर आहे, घरी बसून हिशेबाची कामं करून महिन्याला नऊ-दहा हजार मिळवतो. ठेवी 46 लाख, त्रिमूर्तीनगरात स्वतःचा फ्लॅट. प्रश्न असा: "आमच्या माघारी मुलाची सोय व्हावी म्हणून विमा एजंटने गॅरंटीड योजना सुचवली आहे. वर्षाला 4 लाख, दहा वर्षं भरायचे. बाराव्या वर्षाअखेरपासून 25 वर्षं दरसाल 3 लाख मिळतील आणि शेवटी 40 लाख परत. घ्यावी का?"

घेऊ नका.

"40 भरा, 115 घ्या" हे ऐकायला झकास वाटतं, पण ते 115 लाख 36 वर्षांत थेंबाथेंबाने येतात. हिशेब मांडला तर परतावा जेमतेम 5 टक्के. पहिले 3 लाख येतील तेव्हा तुम्ही 75 चे असाल, आणि महागाई 6 टक्के धरली तर त्या पैशात आजच्या दीड लाखाचाच बाजार होईल. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या 8.2 टक्के मिळतात. 30 लाख ठेवले तर दर तिमाहीला साडेएकसष्ट हजार, तेही बारा वर्षं वाट न बघता.

शिवाय एजंटने "आजार लिहू नका, केस अडकेल" म्हणत मुलाची निरोगी असल्याच्या रकान्याखाली सही घेतली आहे. अशी थाप तीन वर्षांच्या आत उघडी पडली तर विमा कायद्याच्या कलम 45 खाली कंपनी पॉलिसीच मोडीत काढू शकते. चेक अजून दिलेला नाही, ते बरं झालं. फॉर्म परत मागून घ्या. पॉलिसी निघालीच, तर कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते.

पण काका, तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं ते शेवटच्या परिच्छेदासाठी. तुम्ही सहज लिहून गेलात: मागच्या पोळ्याच्या सुमारास मुलाची झोप उडाली. रात्री अडीचला उठून सावजी भोजनालयाचा बेत, सीताबर्डीच्या बाजारातल्या गाळ्याला दोन लाख इसार, साठ स्टीलची ताटं, फ्रीजर, एका ओळखीच्याला भांडवल. एकोणीस दिवसांत पावणेसात लाख गेले. "खातं सोयीसाठी दोघांच्या नावावर आहे. आता तो अगदी बरा आहे, म्हणून पुढच्या महिन्यात फ्लॅटही बक्षीसपत्राने त्याच्या नावे करतो. मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे."

शुल्क स्वस्त आहे म्हणून घर द्यायचं? बक्षीसपत्र नोंदलं गेलं की फ्लॅट तुमचा उरत नाही. उद्या पुन्हा झोप उडाली, तर गाळ्याला इसार देणारा मुलगा घर गहाण ठेवू शकेल. मन थाऱ्यावर नसताना केलेला करार 1872 च्या करार कायद्यात टिकत नाही, हे खरं. पण त्या दिवशी, त्या वेळी तो थाऱ्यावर नव्हता हे सिद्ध तुम्हाला करावं लागेल, वर्षानुवर्षं कोर्टात. घर तुमच्याच नावावर ठेवा आणि मृत्युपत्र करा: फ्लॅट आणि ठेवींचा एक हिस्सा मुलासाठीच्या विश्वस्त निधीत, विश्वस्त मुलगी आणि आणखी एक भरवशाचा माणूस, मुलाला तिथे तहहयात राहण्याचा हक्क. दोन साक्षीदार लागतात. हे वकिलाकडूनच लिहून घ्या, एजंटच्या ओळखीच्या टायपिस्टकडून नको.

दुसरं, ते सोयीचं खातं. आजच्या आज नव्हे, पण या पंधरवड्यात वेगळं करा, आणि मुलाला शेजारी बसवून करा. तो बरा आहे तेव्हाच हे बोलता येतं. त्याची कमाई आणि तुम्ही द्याल ती ठरलेली रक्कम त्याच्या खात्यात, त्यावर त्याचीच सत्ता. मोठ्या ठेवी तुम्हा नवराबायकोच्या नावे, आणि मोबाइलवरून ठेव मोडण्याची सोय बंद. क्रेडिट कार्डाची मर्यादा 20 हजार. एका कागदावर त्याच्याच अक्षरात: सलग दोन रात्री चार तासांहून कमी झोप झाली तर कार्ड ताईच्या हवाली आणि डॉक्टरांना फोन. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आजारपणात कसे उपचार हवेत हे आधीच लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे. त्याचीही सुरुवात त्याच बैठकीत करा.

आता जे तुम्ही विचारलंच नाही, आणि एजंट कधीच सांगणार नाही. तुमच्यानंतर पत्नीला आणि तिच्यानंतर, मानसिक आजारामुळे पोट भरता येत नसेल तर, मुलाला वयाच्या पंचविशीनंतरही तहहयात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. साधा दर शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, म्हणजे जवळपास 23 हजार, वर महागाई सवलत. एजंट 40 लाखांत महिन्याला 25 हजार विकतो आहे, न वाढणारे! मुलाचं स्वतःचं उत्पन्न या रकमेच्या आत हवं, आणि त्याचं नऊ-दहा हजार आत बसतं. आपोआप मात्र काही होत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र लागेल आणि त्याची स्थिती त्यात बसते का हे वैद्यकीय मंडळ ठरवेल, म्हणून आशा धरा पण हिशेबात धरू नका. अर्ज तुमच्या हयातीतच करा, पालक म्हणून मुलीचं नाव सुचवा. आई-वडील गेल्यावर अशा मुलाने एकट्याने पेन्शनच्या खिडकीवर उभं राहणं मी पाहिलेलं आहे.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही त्यासाठी काढा. 2016 च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. युडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज, मग सरकारी मंडळापुढे तपासणी. पाच वर्षांच्या चिठ्ठ्या आणि लिथियमच्या रक्तचाचण्यांचे कागद तारीखवार लावून न्या. दिव्यांगत्व 40 टक्के भरलं तर तुमच्या सीजीएचएस (केंद्र सरकारी आरोग्य योजना) कार्डावर त्याचं नाव वयाची अट न लागता राहू शकतं, आणि प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत दिव्यांग अवलंबितासाठी 75 हजारांची वजावट आहे. एजंटने सांगितलेला "निरामय" विमा मात्र विसरा. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, बायपोलर त्यात नाही.

पॉलिसीनंतर उरलेले 6 लाख लग्नाला, असंही लिहिलं आहे. जबाबदारी पडली की सुधारेल म्हणे. लग्न म्हणजे गोळी नव्हे, आणि मुलीकडच्यांपासून आजार लपवलात तर ते लग्न फसवणूक म्हणून कोर्टात रद्द होऊ शकतं. ते 6 लाख बचत खात्यात आणि लहान ठेवींत ठेवा, दवाखान्यासाठी. खासगी डॉक्टर परवडेनासे झाले तर मेडिकलचा (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा) मानसोपचार विभाग आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी गावातच आहे. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर 14416, टेलिमानस. फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि काकूंनीही स्वतःसाठी करावा.

माळ्यावरच्या साठ ताटांचं काय करायचं, हेही विचारलं आहे. भांडेवाला निम्म्या भावाने घेईल. पण विकायची की ठेवायची, ते आधी मुलाला विचारा.