लग्नाच्या क्लायंटना गॅलरीतूनच प्रिंट मागवता यावेत, तर कोणती ऑनलाइन सेवा घ्यावी?

नाव ठरवण्याआधी ऑर्डर छापून पाठवणार कोण, हे बघा. पिक्सिसेट, शूटप्रूफ, पिक-टाइम या गॅलरी सेवांशी जोडलेल्या लॅब मुख्यतः परदेशात आहेत. क्लायंट न्यू जर्सीत असेल तर उत्तमच. सांगलीत असेल तर ऑर्डर स्वतः पूर्ण करायचा पर्याय असलेली सेवा घ्या: ऑर्डर तुमच्याकडे येते, तुम्ही नेहमीच्या लॅबमधून छापून कुरिअर करता. मी तरी हेच सुचवेन, कारण प्रत्येक प्रिंट तुमच्या नजरेखालून जातो.

खरी भांडणं होतात ती क्रॉपवरून. बहुतेक कॅमेऱ्यांची फ्रेम ३:२ असते, ती ८×१२ इंचांत जशीच्या तशी बसते. ८×१० मागवला की लांबीचा सहावा भाग जातो, आणि ग्रुप फोटोत कडेला उभी असलेली नवऱ्याची आत्या अर्धी कापली जाते. मग फोन तुम्हालाच येतो! ऑर्डर देताना मोबाइलवर क्रॉप दिसतो का, बोटाने सरकवता येतो का, हे ट्रायलमध्ये स्वतः करून बघा. जमत नसेल तर ८×१० यादीतून सरळ काढून टाका.

यूपीआय चालतं का तेही विचारा. काका-मामा कार्डाचा नंबर टाकत बसत नाहीत. फुकट प्लॅनवर विक्रीतून कमिशन कापतात का, तेही वाचा.

आणि गॅलरीत फाइल मोठीच चढवा. १२×१८ प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६००×५४०० पिक्सेल लागतात.