सगळे ख्रिस्ती लोक येशूच्या हजार वर्षांच्या राज्यावर विश्वास ठेवतात का?

तुम्ही विचारलंय की तुमचा एक ख्रिस्ती सहकारी सांगतो, येशू कुठल्याही क्षणी येईल, विश्वासणारे आकाशात उचलले जातील, मागे राहिलेल्यांवर सात वर्षं मोठं संकट येईल आणि मग येशू पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करेल. हे सगळेच ख्रिस्ती मानतात का, आणि बायबलमध्ये खरंच असं लिहिलंय का?

मी ख्रिस्ती आहे आणि बरीच वर्षं बायबल अभ्यासाचा एक छोटा गट चालवतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. येशू पुन्हा येईल, मेलेले उठतील आणि सगळ्यांचा न्याय होईल, इथपर्यंत जवळजवळ सगळ्या मंडळ्या, म्हणजे चर्चं, एकमतानं चालतात. इ.स. 381 मध्ये पक्का झालेला मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरावीक शब्दांतली कबुली, आजही कितीतरी चर्चांमध्ये उपासनेत म्हटला जातो. त्यात येशू जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला वैभवानं पुन्हा येईल आणि त्याच्या राज्याला अंत नसेल, असं आहे. हजार वर्षांचा आकडा त्यात कुठेच नाही.

तो आकडा येतो बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून, प्रकटीकरणाच्या 20 व्या अध्यायातून. एक देवदूत सैतानाला साखळीनं बांधून अगाधकूपात, म्हणजे तळ नसलेल्या खड्ड्यात टाकतो. ख्रिस्तासाठी प्राण दिलेले लोक जिवंत होतात आणि त्याच्याबरोबर हजार वर्षं राज्य करतात. मग सैतान थोडा काळ सुटतो, शेवटची लढाई होते, मोठ्या पांढऱ्या राजासनापुढे सगळे उभे राहतात. पुढच्याच अध्यायात नवं आकाश आणि नवी पृथ्वी येते. 'हजार वर्षं' हे शब्द 2 ते 7 या सहा ओव्यांत (म्हणजे वचनांत) सहा वेळा येतात. ख्रिस्ताच्या राज्याची ही मुदत अख्ख्या बायबलमध्ये दुसरीकडे कुठे दिलेली नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे. तुमच्या सहकाऱ्यानं सांगितलेला प्रत्येक तुकडा बायबलमध्ये आहे, पण तो क्रम एका जागी कुठेच लिहिलेला नाही. 'उचलले जाणं' येतं प्रेषित पौलानं थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातून. सात वर्षं येतात जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या 9 व्या अध्यायातून: तिथल्या सत्तर सप्तकांपैकी शेवटचं सप्तक म्हणजे सात वर्षं असं धरतात. हजार वर्षं प्रकटीकरणातून. या संकटाच्या काळाशी जोडला जाणारा 'ख्रिस्तविरोधक' हा शब्द तर प्रकटीकरणात एकदाही येत नाही, तो योहानाच्या पत्रांत आहे. हे तुकडे आज आपण ऐकतो त्या क्रमात 19 व्या शतकात जुळवले गेले आणि त्यात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाचा वाटा फार मोठा होता. मग 1909 मध्ये स्कोफिल्ड या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या, त्याच क्रमाच्या टिपांसह बायबलची आवृत्ती निघाली. टिपा पवित्र शास्त्राच्याच पानावर, खाली छापलेल्या. वर्षानुवर्षं तेच पान वाचणाऱ्याच्या मनात ओवी कुठली आणि टीप कुठली हा फरक पुसट होतो. माझंही तसंच झालं होतं, म्हणून तुमच्या सहकाऱ्याला मी दोष देणार नाही.

हजार वर्षांवर खरोखरच्या पृथ्वीवरचं राज्य म्हणून विश्वास ठेवणं मात्र डार्बीपेक्षा खूप जुनं आहे. दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टिर आणि इरेनियस दोघंही तसं मानत. जस्टिन मला विशेष आवडतो. यरुशलेम पुन्हा बांधलं जाईल आणि तिथे हजार वर्षं जातील असं तो ठामपणे लिहितो, आणि लगेच कबूल करतो की भक्तिमान आणि शुद्ध विश्वासाचे अनेक ख्रिस्ती यापेक्षा वेगळं मानतात. ख्रिस्ती धर्माच्या दुसऱ्याच शतकात हा मतभेद होता आणि तो ठेवूनही लोक एकमेकांना भाऊ म्हणत होते!

मग आला ऑगस्टीन, चौथ्या-पाचव्या शतकातला उत्तर आफ्रिकेतला बिशप. तोही आधी पृथ्वीवरच्या राज्याचीच वाट पाहत होता, पण त्याचं मत बदललं आणि ते त्यानं स्वतः लिहून ठेवलं. त्याच्या मते हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा सगळा काळ. आपण आज त्यातच जगतोय. बलवानाला आधी बांधल्याशिवाय त्याचं घर लुटता येत नाही, असं येशू म्हणाला होता. ऑगस्टीन म्हणतो, सैतान बांधला गेला तो तेव्हाच. शास्त्रात 'हजार' ही संख्या मोजणीसाठीच येते असंही नाही. हजार डोंगरांवरची गुरं देवाची आहेत असं स्तोत्र म्हणतं, म्हणजे हजाराव्या डोंगरापुढची गुरं दुसऱ्या कुणाची झाली का? कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंटांतल्या कितीतरी मंडळ्या साधारण याच बाजूच्या आहेत. लुथरन मंडळ्यांच्या 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात पृथ्वीवरच्या अशा राज्याची कल्पना स्पष्ट नाकारली आहे.

तिसराही एक विचार आहे. सुवार्ता पसरत जाईल, जग हळूहळू सुधारेल, तो सुवर्णकाळ म्हणजेच हजार वर्षं, आणि येशू त्यानंतर येईल. 18 व्या आणि 19 व्या शतकात याला मोठा जोर होता. पहिल्या महायुद्धानंतर तो ओसरला, का ते सांगायला नको.

या मतांमधला वाद मला धोक्याचा वाटत नाही. धोका सुरू होतो तो लोक तारीख किंवा जागा ठरवतात तेव्हा. 1534 मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात काही लोकांनी 'नवं यरुशलेम हेच' असं जाहीर केलं. वेढा पडला, उपासमार झाली, 1535 मध्ये शहर पडलं. पुढाऱ्यांची प्रेतं ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली ते पिंजरे आजही तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर आहेत. अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकऱ्यानं दानीएलातल्या 2300 दिवसांची वर्षं धरून इ.स.पूर्व 457 पासून हिशेब केला. शेवटी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख पुढे आली. हजारो लोक वाट पाहत बसले, काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. तो दिवस गेला. त्यांच्या रडण्याची वर्णनं वाचताना मला कधीच हसू येत नाही, कारण ती माणसं येशूवर मनापासून प्रेम करत होती. पण तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, हे खुद्द येशूचं म्हणणं मत्तयाच्या 24 व्या अध्यायात आहे. ते बाजूला ठेवल्याशिवाय तारीख काढताच येत नाही.

मी स्वतः तारीख कधी काढली नाही, पण तक्ता काढायचो. फळ्यावर आडवी रेघ, तिच्यावर बाण, उचलले जाणं इथे, संकट इथे, पहिलं पुनरुत्थान, दुसरं पुनरुत्थान. गटात एक मावशी यायच्या. पती जाऊन त्यांना तीनेक महिने झाले होते. एका संध्याकाळी माझं सगळं समजावून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाळा, ह्या रेघेवर आमचे हे कुठे आहेत?"

मी खडू घेऊन रेघेकडे बघत राहिलो. बोट ठेवायला जागा सापडेना. मग दुसऱ्या एकानं पौलाचं ते पत्र उघडलं आणि वाचलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मावशींचा प्रश्न हाच थेस्सलनीकाच्या मंडळीचा प्रश्न होता. आमच्यातले जे मेले, ते प्रभू येईल तेव्हा मागे राहणार का? पौल त्यांना सांगतो की ख्रिस्तातले मेलेले आधी उठतील, मग आपण त्यांच्याबरोबर जाऊ आणि सदासर्वकाळ प्रभूजवळ राहू. या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा, असं म्हणून तो भाग संपतो. 'उचलले जाणं' ही ओवी मी कितीदा शिकवली होती, पण घरात नुकताच मृत्यू झालेल्या माणसांना ती लिहिली आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानंतर प्रकटीकरण 20 पुन्हा वाचलं तेव्हा चौथ्या ओवीवर अडखळलो. राजासनांवर कोण बसलंय? येशूच्या साक्षीमुळे ज्यांचा शिरच्छेद झाला, त्यांचे आत्मे. हेच लोक 6 व्या अध्यायात वेदीखालून ओरडत होते, प्रभो, आमच्या रक्ताचा न्याय करायला किती उशीर? थोडा काळ थांबा, असं त्यांना तिथे सांगितलं होतं. पात्म बेटावर अडकलेला योहान ज्या सात मंडळ्यांना हे लिहीत होता, त्यांतल्या पर्गमच्या मंडळीत अंतिपाला ठार मारलं गेलं होतं, त्याचं नाव 2 ऱ्या अध्यायात आहे. जगानं ज्यांची मान उडवली ते राज्य करताहेत, हे त्या मंडळीनं ऐकलं तेव्हा अंतिपाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला असणार.

ती हजार वर्षं मोजून हजार आहेत का, याबद्दल माझं मत ऑगस्टीनकडे झुकतं. आमच्याच गटात निम्मे लोक तुमच्या सहकाऱ्यासारखे आहेत आणि आम्ही एकत्रच प्रार्थना करतो. त्याच्याशी बोलणार असाल तर तक्त्यावरून वाद घालू नका. 6 व्या अध्यायातल्या 9 ते 11 या ओव्या आणि 20 व्या अध्यायातली चौथी ओवी त्याच्याबरोबर बसून लागोपाठ वाचा, आणि ती वाचताना त्याला कोण आठवतं ते विचारा.