आजी-आजोबा पुण्याहून, नातवंडं न्यू जर्सीहून: जपानची सहल ठरवताना

विमानाची तिकिटं काढायच्या आधी सगळ्यांचे पासपोर्ट एकत्र मांडा. अमेरिकी पासपोर्टवाल्या नातवंडांना ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या आईबाबांना ग्रीन कार्ड असूनही लागतो. त्यांना अमेरिकेतून ई-व्हिसा काढता येतो. आजी-आजोबांचा अर्ज मात्र भारतातूनच. ई-व्हिसा विमानतळावर फोनवर, इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, तेव्हा उतरल्याबरोबर नेट सुरू होईल अशी सोय हवी. औषधंही तपासा: ॲडरॉल या एडीएचडीवरच्या औषधाला डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी जपानमध्ये बंदी आहे.

पर्यटकांसाठीचा जपान रेल पास डोळे झाकून घेऊ नका. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५०वरून ५०,००० येनांवर गेला. टोकियो-क्योतो एकेरी तिकीट साधारण १४,००० येन. फक्त जाऊन यायचं तर पास अंगावर पडतो. ६ ते ११ वर्षांच्या मुलांना निम्मं भाडं.

शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वरच्या बॅगेसाठी ठरावीक जागा आधी राखावी लागते. विमानात चेक-इन होणारी बॅग बहुतेक वेळा या मर्यादेत बसते, पण २३ किलो वर फळीवर चढवणार कोण? हॉटेलच्या काउंटरवरून ‘ताक्क्युबिन’ या सामान पोचवणाऱ्या सेवेने बॅगा पुढच्या मुक्कामी पाठवा, टोकियोहून क्योतोला बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात. एका रात्रीचे कपडे आणि गोळ्या मात्र जवळ ठेवा.

खरी कसोटी शाकाहाऱ्यांची. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मांस वगळतात, पण बोनितो माशाचा अर्क, म्हणजे दाशी, तसाच राहतो: मिसो सूपमध्ये, उदोन नूडल्सच्या रश्श्यात, टेंपुरा म्हणजे जपानी भज्यांसोबतच्या सॉसमध्ये, कधी उकडलेल्या भाजीतसुद्धा. टेंपुराही बहुधा कोळंबी तळलेल्या तेलातच तळतात. म्हणून पदार्थाचं नाव न विचारता दाशीबद्दल विचारा: ‘निकु तो साकाना तो कात्सुओदाशी वा ताबेरारेमासेन’, म्हणजे मांस, मासे आणि बोनितोची दाशी चालत नाही. हेच जपानी लिपीत फोनवर ठेवलेलं बरं. अडल्यावेळी दुकानातला ‘शिओ मुसुबी’, नुसत्या मिठाचा भाताचा गोळा, पोटाला आधार देतो.

एक रात्र कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध तीर्थक्षेत्री मंदिरातल्या मुक्कामासाठी नक्की काढा. तिथल्या शोजिन र्‍योरीत, म्हणजे बौद्ध मठातल्या जेवणात, मांसमासे नसतात, कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या आजींचीही सोय होते. मात्र जेवण लवकर असतं, झोपायला जमिनीवर गादी असते आणि पहाटेची पूजा चुकवू नये. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मिळेल का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारा.

टोकियोत आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात सगळेच जातात. तिथून थोडं चाललं की मात्सुचियामा शोदेन हे मंदिर. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपतीच, पण मूर्ती झाकलेली असते, डोळाभर दर्शन होत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तिथे मोदकांऐवजी मुळा वाहतात.